परतीचं भाडं

नाशिक, डिसेंबर २०२५

प्रिय मंदे,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, तो माणूस तुला फसवत नाहीये. निदान भाड्याच्या बाबतीत तरी नाही.

गुवाहाटीतल्या मालीगावच्या क्वार्टरमधलं सामान भुसावळला पोचवायला तो जे पैसे सांगतोय, ते इकडून जाताना तुम्ही दिले त्याच्या निम्म्याच्या जरा वर आहेत. रस्ता तोच, अंतर तेच, उलट मधल्या काळात तुझी कपाटं वाढलीत. मग स्वस्त कसं? तुझ्या मनात पाल चुकचुकली, बरोबरच आहे. पण मी नाशिकच्या द्वारकेवरच्या आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लहानपणापासून दादांच्या टेबलाखाली बिल्टीबुकांशी खेळत वाढलेली. मला विचारशील तर सांगते, जाताना तुम्ही जे दिलेत त्यात गाडीच्या परतीची काळजी धरलेली होती. आता तुमचं सामानच परतीचं भाडं झालंय.

भाऊजी रेल्वेत, बदली एका रेल्वे मुख्यालयातून दुसऱ्या रेल्वेच्या डिव्हिजनला, आणि पलंग-कपाटं निघाली ट्रकने! यावर मी काही बोलत नाही. त्यांनी चिडायला नको.

हे पत्र मुद्दाम कागदावर लिहितेय, कारण आज पिंपळगावहून एक गाडी कांदा भरून तुझ्याच गावाला निघतेय आणि ड्रायव्हर ओळखीचा आहे. बिल्टीच्या पाकिटात हेही ठेवते. आठवड्याभरात मिळावं. पोस्टाचं काय ते तुला माहीतच आहे.

तर भाड्याची गोष्ट. लोकांना वाटतं किलोमीटर मोजायचे, दराने गुणायचे, झालं भाडं. रिक्षाचं तसं असतं. इथे गाडीमालक पहिला प्रश्न विचारतो तो "तिथून काय मिळेल?" हा. नाशिकहून दिल्लीला गाडी लावायची म्हटली तर तो फार कुरकुर करत नाही, दिल्लीहून परत यायला काहीतरी मिळतंच. गुवाहाटी म्हटलं की तो गप्प होतो, मग चहा मागवतो, मग आकडा सांगतो. कारण तुमच्या आसामात, मणिपुरात, त्रिपुरात इकडून जाणारा माल अफाट आहे. कांदा, औषधं, साबण, टायर, सुटे भाग, कपडा, टाइल्स, सगळं जातं. आणि तिकडून येणारा माल त्या मानाने थोडा, शिवाय हंगामी. दहा गाड्या जातात तेव्हा दहांनाही परत यायला भाडं मिळेल याची खात्री नसते. मग ज्याचा माल तिकडे जातोय, त्याच्या खिशातून रिकाम्या येण्याची भीतीही वसूल होते. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या खिशातून झाली.

जरा हिशेबच घालते, तुला हिशेब आवडतो. नाशिक ते गुवाहाटी अडीच हजार किलोमीटरच्या वर. दहा टायरची भरलेली गाडी लिटरला चारच्या आसपास देते. म्हणजे साडेसहाशे लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने साठ हजारांच्या घरात. त्यात वीस टन कांदा. तर नुसत्या डिझेलचे किलोमागे तीन रुपये झाले. त्यावर टोल, ड्रायव्हर-किन्नरचा भत्ता, टायरची झीज, ते 'युरिया' म्हणतात ते डीईएफ, विमा, आणि बँकेचा हप्ता. हप्ता गाडी उभी असली तरी चालूच असतो. आता समज, माल उतरवून गाडी रिकामी परत आली. रिकामी गाडी डिझेल कमी खाते, तरी चार-साडेचारशे लिटर जातंच, टोल जातोच, दिवसही जातात. म्हणून परतीला डिझेल आणि टोल सुटून वर थोडं उरत असेल तर मालक हो म्हणतो. तुझ्या त्या माणसाचा आकडा या हिशेबातून आलाय.

तू फोनवर कांद्याच्या भावावरून मला बोललीस ना, की तिथे किलोला तुम्ही नाशिकवाले आम्हाला लुटता म्हणून? भाडं सगळं धरलं तरी किलोमागे काही रुपयांचा प्रश्न आहे गं. बाकीचं घट, हमाली, आडत आणि चार हातांचा नफा. आणि घट हा मोठा विषय आहे, त्यावर थांबते थोडी.

आत्ता डिसेंबरात जो निघतो तो लाल कांदा. खरिपाचा, पाण्याचा, दिसायला देखणा आणि स्वभावाने नाजूक. उन्हाळ कांद्यासारखा चाळीत चार-पाच महिने पडून राहणं त्याच्या नशिबात नाही. शेतातून निघाला, थोडा सुकला, बाजार समितीत लिलाव झाला, खळ्यावर निवडला, जाळीच्या गोण्यांत भरला, की घाई. वीस टन म्हणजे पन्नास किलोच्या चारशे गोण्या. एवढा कांदा एकावर एक रचला की आतून तापतो. कांदा श्वास घेतो, हे दादा लहानपणी सांगायचे तेव्हा मला गंमत वाटायची. पुढे कळलं ते अक्षरशः खरं आहे. म्हणून थप्पी लावणारे हमाल मधे वारा खेळायला वाट ठेवतात, बाजूच्या फळ्यांत फट ठेवतात. आणि वरून ताडपत्री. आता बघ, ताडपत्री घट्ट बांधली तर माल तापून सडतो. मोकळी ठेवली आणि वाटेत बंगालात पाऊस लागला तर भिजून सडतो. त्यामुळे कांद्याचा ड्रायव्हर दिवसा कोरडं बघून ताडपत्री वर गुंडाळतो आणि ढग दिसले की उतरून पुन्हा ओढतो. दोर सोडायचे, दोर आवळायचे. लोखंड घेऊन जाणाऱ्याला ही झंझट नाही. म्हणून कांद्याच्या भाड्यात पोचायचे दिवस ठरवून घेतात, आणि उशीर झाला तर भाडं कापण्यावरून तिकडच्या आडत्याशी भांडण ठरलेलं.

भाऊजी म्हणतील, मग रेल्वेने पाठवा. पाठवतातच की. पहिली किसान रेल ऑगस्ट २०२० मध्ये आमच्या देवळालीहूनच दानापूरला गेली. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर लासलगावहून दिल्लीला 'कांदा एक्स्प्रेस' गेली, एका गाडीत १,६०० टन. म्हणजे ऐंशी ट्रकांचा माल एका फटक्यात. वाचायला छान वाटतं. पण एवढा कांदा एकाच दिवशी, एकाच ठिकाणी गोळा करायला सरकारसारखा धनी लागतो. वीस टनांच्या व्यापाऱ्याला आख्खी रेक कोण देणार? आणि स्टेशनवर उतरला की पुन्हा ट्रकच. चढव, उतरव, चढव, उतरव. प्रत्येक वेळी गोणी आपटते. मोठ्या मालाला रेल्वेच बरी, हे मी मान्य करते, कोळसा-सिमेंट काय ट्रकने न्यायचं असतं? पण कांद्याचा छोटा व्यापारी ट्रकचाच गिऱ्हाईक राहणार, निदान माझ्या हयातीत.

आता तुझं सामान कुठून कसं येणार ते ऐक, म्हणजे उगाच रात्री जागत बसणार नाहीस. सरायघाटचा पूल ओलांडून गाडी रंगिया, बोंगाईगावकडे निघेल. श्रीरामपूरला आसाम संपतं आणि बंगाल लागतो. सिलिगुडीपाशी ती चिंचोळी पट्टी आहे, जेमतेम वीसेक किलोमीटर रुंद, एका अंगाला नेपाळ, दुसऱ्या अंगाला बांगलादेश. तुमच्या सातही राज्यांना बाकीच्या देशातून रस्त्याने जाणारं मीठ-साखर या एवढ्याशा फटीतून जातं. तिथे काही अडकलं की इकडे आमचे फोन वाजायला लागतात. पुढे किशनगंजला घटकाभर बिहार लागतो. ड्रायव्हर म्हणतात, बिडी पेटवावी तोवर पुन्हा बंगाल. डालखोला, मालदा, मग फराक्का. त्या धरणाच्या माथ्यावरून रस्ता आणि रेल्वे दोन्ही जातात, सव्वादोन किलोमीटर लांब. १९७५ साली ते सुरू झालं. त्यावरचा पूल व्हायच्या आधी तिथे गंगा ओलांडायची म्हणजे नावेचाच आधार होता. म्हणजे आपल्या जन्माच्या वेळी हा प्रवास करणारा ड्रायव्हर काय दिव्य करत असेल, विचार कर.

फराक्क्यानंतर कोलकात्यात शिरायचं कारण नाही. मोरग्रामहून सिउडी, राणीगंज, बांकुडा करत खरगपूरला उतरायचं. तिथून आपला जुना सहा नंबर हायवे. बहरागोड्याला झारखंडचा एक कोपरा शिवून ओडिशात. बांगरीपोसीच्या घाटात द्वारसुनी देवीचं देऊळ आहे, तिथे सगळ्या गाड्या थांबतात. नारळ फोडल्याशिवाय घाट उतरणारा ड्रायव्हर मी ऐकलेला नाही, मग तो कुठल्याही धर्माचा असो. केंदुझर, संबलपूर, बारगड, सरायपाली, रायपूर, राजनांदगाव, आणि देवरीला आपला महाराष्ट्र. नागपूरहून अमरावती, अकोला, भुसावळ.

इथे एक गोष्ट लक्षात ठेव आणि बुक करताना स्पष्ट बोल. नागपूरहून गाडी समृद्धी महामार्गाला लागली तर ती भुसावळला येणार नाही, ती खाली संभाजीनगर-शिर्डीकडून निघून जाईल. जूनमध्ये शेवटचा इगतपुरी-आमणे तुकडा सुरू झाल्यापासून ७०१ किलोमीटर सलग रस्ता मोकळा झालाय. मुंबईच्या मालाला त्याची भुरळ पडते. तरी आमच्याकडचे पुष्कळ जुने ड्रायव्हर अजून धुळे-अकोला मार्गच धरतात. टोल वाचतो हे एक, आणि जुन्या रस्त्यावर ढाबा ओळखीचा, पंक्चरवाला ओळखीचा, उधारी चालते. समृद्धीवर म्हणे नुसतं सरळ बघत राहायचं आणि झोप येते. तर बिल्टीवर "भुसावळ" लिहून घे. "नाशिक व्हाया भुसावळ" असं तोंडी ठरलं की पुढे तुझं सामान द्वारकेला आणि तू भुसावळला. मग मलाच ते कपाट वापरायला मिळेल, माझी ना नाही.

किती दिवस लागतील ते मात्र कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. कांदा इकडून जाताना सहा-सात दिवसांत जातो, कारण तो सडतो. कपाट सडत नाही, हे ड्रायव्हरलाही कळतं. बहुतेक गाड्या तर एका दमात परत येतच नाहीत. गुवाहाटीत सरळ महाराष्ट्राचं भाडं नाही मिळालं तर सिलिगुडीपर्यंतचं घेतात, तिथून पूर्णियाच्या गुलाबबागेत जाऊन मका बघतात, किंवा बंगालातून रायपूरचं काही मिळवतात, रायपूरहून सळया भरतात आणि असे तुकड्यातुकड्याने घरी येतात. नाशिकहून निघालेली गाडी महिनाभर दारात दिसत नाही ती अशी.

आणि नेमका हाच काळ तिकडे मंदीचा. डिसेंबर-जानेवारीत तुमच्या चहामळ्यांत खुडणी बंद असते, फेब्रुवारीच्या पुढे-मागे नवी पालवी येईपर्यंत. चहा हे आसामचं आपल्याकडे येणारं सगळ्यात भरवशाचं भाडं. १९७० साली गुवाहाटीत चहाचा लिलाव सुरू झाला, तेव्हापासून गाड्यांना तिथे थांबायला कारण मिळालं. आपण टपरीवर पितो ती दाणेदार सीटीसी चहा मूळ आसामचीच करणी, १९३० मध्ये तिथल्या एका मळ्यात तिचं यंत्र निघालं. पुण्यात अमृततुल्यवाले जी भुकटी उकळून उकळून तिचा जीव घेतात, तिच्यातली बरीच त्याच रस्त्याने आलेली असते ज्या रस्त्याने आपला कांदा गेला. कांदा देऊन चहा घेतला, असं म्हण.

पण चहाची एक खोड आहे. ती वास ओढून घेते. कांदा उतरवलेल्या गाडीत तशीच चहा भरली तर पिणाऱ्याला ऑम्लेटची आठवण यावी. म्हणून चहा भरायच्या आधी हौदा धुऊन, वाळवून, खाली कागद-ताडपत्री अंथरून मगच पोती चढवतात. गोदामवाला वाकून वास घेऊन बघतो. यावरून तुला सांगते, त्या माणसाने "मॅडम, चहाच्या गाडीत जागा आहे, त्यातच तुमचं टाकू" असं म्हटलं तर खोलात जाऊन विचार. मी चहावाली असते तर कुणाच्या लोकरीच्या कपड्यांतल्या डांबरगोळ्यांशेजारी माझी पोती ठेवू दिली नसती. तुझ्या सामानाला शेजारी म्हणून प्लायवूड चालेल, फुलझाडू चालतील. ते मेघालय-कार्बी आंगलाँगचे झाडू वजनाला काहीच नसतात पण आख्खी गाडी खाऊन टाकतात. घरगुती सामानाचंही तसंच. म्हणून तुला तो टनावर नाही, फुटावर भाव सांगतोय. हौद्यातली किती फूट लांबी तुझी, ते ठरव आणि लिहून घे. नाहीतर भरताना "आणखी दोन फूट लागले" हे गाणं सुरू होतं.

आता तू तो दुसरा प्रश्न विचारलास, ड्रायव्हरवर भरवसा ठेवायचा का. मंदे, ड्रायव्हरवर ठेव. मधल्या माणसावर डोळा ठेव.

हे जे पॅकिंग करून घर हलवून देतो म्हणणारे असतात, त्यांच्यातल्या पुष्कळांकडे स्वतःची एकही गाडी नसते. ते फोनवरच्या ग्रुपात "गुवाहाटी टू भुसावळ, दहा फूट" असं टाकतात आणि जो रिकामा उभा असेल त्याच्या गळ्यात मारतात. त्यात चूक काही नाही, दलालीवरच हा धंदा चालतो, आमचंही तेच. पण काही महाभाग आधी कमी आकडा सांगून सामान उचलतात, आणि गाडी अर्ध्या वाटेत उभी करून आणखी मागतात. माझ्या नात्यातल्या एका बाईंचं असं झालं. सामान रायपूरच्या अलीकडे कुठल्या तरी गोदामात, आणि रोज नवा फोन, नवा आकडा. शेवटी ड्रायव्हरनेच वैतागून पत्ता सांगितला, कारण त्याचेही पैसे अडकले होते. म्हणून सांगते: गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा मोबाइल आणि बिल्टीचा फोटो हातात आल्याशिवाय खिशातून पूर्ण पैसे काढायचे नाहीत. अर्धे भरताना, अर्धे पोचल्यावर. इतके दिवस चालत आलेली रीत आहे, तिला कुणी नावं ठेवत नाही.

आणि बिल्टीवर सामानाची किंमत घाल. २००७ चा रस्ते वाहतुकीचा कायदा आहे, त्याखालच्या नियमांत असं आहे की किंमत जाहीर करून जादा जबाबदारी ठरवली नसेल तर नुकसान झाल्यास वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच. काही तुटलं-हरवलं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर कोर्टात दारच उघडत नाही. हे भाऊजींना वाचून दाखव, त्यांना कलमं आवडतात. विमा वेगळा काढ, तो मालकाच्या जबाबदारीपेक्षा बरा.

ई-वे बिलाची चिंता करू नकोस. पन्नास हजारांच्या वरच्या व्यापारी मालाला ते लागतं, पण वापरलेल्या घरगुती सामानाला सूट आहे. तरी सगळ्या वस्तूंची यादी, बदलीच्या ऑर्डरची प्रत आणि आधार एका पाकिटात ड्रायव्हरकडे दे. वाटेत कुणी गाडी अडवून विचारलं की त्याला दाखवायला काहीतरी हातात हवं. चहाच्या गाडीला ते बिल लागतं, आणि त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे तुमच्याहून इकडे यायला तेरा-चौदा दिवसांचं मिळतं. गाडी बिघडली तर मुदत वाढवून घ्यायची. कांद्याला मात्र इकडून जाताना तेही नको.

जकात नाके आणि सेल्स टॅक्सचे नाके २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेले, त्याने खरंच फरक पडला. दादांच्या वेळी प्रत्येक सीमेवर कागदांचा गठ्ठा घेऊन ड्रायव्हर रांगेत असायचा, नाक्यावरच्या चहावाल्यांचे संसार त्या रांगेवर चालायचे. आता फास्टॅगची पट्टी वाजते आणि गाडी पुढे. पण रस्त्यावर हात पुढे करणारे सगळेच गेले असं कोण म्हणतंय? पूजेच्या दिवसांत तर बंगालपासून आसामपर्यंत जागोजागी मंडळांची वर्गणी द्यावी लागते, पावती मिळते हे नशीब. आमचा तो ड्रायव्हर या खर्चाला डायरीत "देवाला" असं लिहितो. मालक विचारत नाही, कुठल्या देवाला.

तो ड्रायव्हर बीडकडचा आहे. ऊसतोडीच्या घरातला. बाप कोयत्यावर जायचा, हा स्टिअरिंगवर आला. हिंदी त्याची अशी आहे की तिच्यात मराठी, बंगाली आणि शिव्या सारख्या प्रमाणात आहेत, पण फराक्क्यापासून श्रीरामपूरपर्यंत त्याचं कुठेही अडत नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याने त्याला दिवसाला आठ तास काम होतं. मी त्याला एकदा हे सांगितलं, तर म्हणाला, "ताई, त्या कायद्याला सांगा माझ्याबरोबर एक ट्रिप करायला." आता ऑक्टोबरपासून नव्या बनणाऱ्या गाड्यांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. मला फार बरं वाटलं. मे महिन्यात नागपूर-रायपूर पट्ट्यात इंजिनाच्या उरावर बसून गाडी चालवायची म्हणजे काय, हे नियम करणाऱ्यांना इतकी वर्षं का सुचलं नाही? अर्थात याची गाडी जुनी. त्याला एसी मिळेपर्यंत तो निवृत्त होईल, असं तोच म्हणतो. आणि त्याच्या मुलाने ट्रकला हात लावायचा नाही ही त्याची अट आहे. ऑफिसात येणाऱ्या बहुतेक जणांची तीच अट असते. गाड्या वाढताहेत आणि चालवायला माणूस मिळत नाही, हे आम्हाला आत्ताच जाणवतंय. बऱ्याच गाड्यांवर हल्ली किन्नरसुद्धा नसतो, एकटाच ड्रायव्हर.

म्हणून सांगते, सामान भरायला येईल त्याला जेवू घाल. माझ्या ओळखीचाच आला तर त्याला मासे नको, तो माळकरी आहे. तुमच्याकडे हल्ली साडेचारलाच अंधार पडतो, तर भरायचं काम सकाळी लवकर उरकून घ्या. शहरात मोठ्या गाड्यांना दिवसा नो एन्ट्री असते, ती वेळ आधी विचारून ठेव. नाहीतर गाडी बेतकुचीला उभी आणि तुझी कपाटं टेम्पोने तिथवर न्यायची, तो खर्च वेगळा.

तारखेचा हट्ट नसेल तर आणखी स्वस्त पडेल. "अमुक तारखेलाच हवं" म्हटलं की तू गरजू झालीस. "पंधरवड्यात कधीही भरा" म्हटलं की गरजू तो. संक्रांतीच्या आसपास तुमच्या बिहूमुळे सगळं दोन-चार दिवस थंड असतं, त्याच्या जरा आधी किंवा लगेच नंतरचं बघ. फेब्रुवारी उलटला आणि चहा सुरू झाली की हा भाव राहायचा नाही.

स्कूटर आणणार असशील तर तिकडच्या आरटीओची एनओसी आत्ताच मागायला लाग. एएस-०१ची गाडी भुसावळला वर्षाच्या आत एमएच-१९ करून घ्यावी लागते. कुणी म्हणेल, नाशिकमध्ये एनएल पासिंगचे शेकडो ट्रक फिरतात, त्यांच्या मालकांनी कोहिमा नकाशावरही बघितलेलं नसतं, त्यांना कोण विचारतं? ते ट्रकवाले आहेत, तू रेल्वेवाल्याची बायको आहेस. कागद सरळ ठेव. चढवताना पेट्रोल काढून टाक.

बाकी इथे सगळं ठीक. दादा आता ऑफिसला रोज येत नाहीत, पण आले की अजून पाटीवरच्या भाड्याच्या आकड्यांना "हे काय भाडं आहे?" असं म्हणून मान हलवतात. भाऊजींना नमस्कार. गाडी ठरली की नंबर आधी मला पाठव, मी इथून चौकशी करते.

तुझी,
सुनंदा

ता. क. गॅसचं सिलिंडर सामानात टाकू नकोस, कुठलाही शहाणा ड्रायव्हर चढवू देणार नाही. एजन्सीत परत करून ट्रान्सफरचं व्हाउचर घे. आणि फ्रिज उभाच बांधायला सांग. आडवा आलाच, तर घरी उभा करून काही तास तसाच ठेव, लगेच चालू करू नकोस.